गव्हाचा तांबेरा आणि डॉ. करमचंद मेहता यांचे संशोधन

गव्हाच्या उभ्या पिकात पांढऱ्या धोतराने फिरून आलेल्या शेतकऱ्याच्या धोतरावर कधी कधी गेरूसारखा तांबूस रंग उमटतो. हा रंग मातीचा नसून एका बुरशीच्या बीजाणूंचा असतो. या रोगास आपल्याकडे तांबेरा किंवा गेरवा म्हणतात. रोग जुना आहे व त्याची ओळख प्रत्येक गहू पिकविणाऱ्यास आहे. तथापि त्यासंबंधीचा एक साधा प्रश्न फार काळपर्यंत अनुत्तरित राहिला होता. मार्चमध्ये गव्हाची काढणी होते. एप्रिल व मे या महिन्यांत शेते उघडी पडतात, जमीन तापते आणि गव्हाचे हिरवे पान मैदानी मुलखात औषधालाही सापडत नाही. तांबेऱ्याची बुरशी मात्र हिरव्या, जिवंत पानावाचून वाढू शकत नाही. मग नोव्हेंबरात पेरलेल्या नव्या गव्हावर डिसेंबर-जानेवारीत हा रोग पुन्हा येतो तो कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्या भारतीय शास्त्रज्ञाने आपले सारे संशोधकीय आयुष्य वेचले, त्याचे नाव डॉ. करमचंद मेहता. आग्रा येथील महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या कार्याची माहिती ग्रामसेवकांना व शेतकऱ्यांना असणे दोन कारणांसाठी उपयुक्त आहे. एक तर तांबेऱ्याविरुद्धचे आजचे बहुतेक उपाय त्याच पायावर उभे आहेत. दुसरे असे की, एका शेतातील रोग शेकडो मैलांवरील दुसऱ्या शेताशी कसा जोडलेला असतो, हे त्या कार्यावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य उदाहरणावरून होईल.

तांबेऱ्याचे तीन प्रकार

गव्हावर तीन प्रकारचे तांबेरे येतात. काळा तांबेरा मुख्यतः खोडावर व पानांच्या देठाकडील आवरणावर येतो. त्याचे फोड लांबट असतात व ते फुटले म्हणजे खोडाची साल फाटल्यासारखी दिसते. आरंभी फोडांतील भुकटी विटकरी रंगाची असते. पीक पक्व होऊ लागले म्हणजे त्याच जागी काळे बीजाणू तयार होतात, म्हणून त्यास काळा तांबेरा हे नाव पडले. तपकिरी किंवा नारिंगी तांबेरा पानांवर येतो. त्याचे फोड लहान, गोलसर व विखुरलेले असतात. पिवळा तांबेरा पानांवर शिवणीच्या टाक्यांसारख्या सरळ रेषांत उमटतो.

तिन्ही प्रकारांची हवेची आवड निरनिराळी आहे. पिवळ्यास थंडी लागते, तपकिरीस मध्यम थंड हवा मानवते, तर काळ्यास त्यांहून उबदार हवा पोषक ठरते. म्हणूनच पिवळा तांबेरा हिमालयाच्या पायथ्याच्या व वायव्येकडील प्रदेशांचा शत्रू आहे, आणि महाराष्ट्रात व मध्य भारतात प्रामुख्याने काळ्या व तपकिरी तांबेऱ्याची धास्ती बाळगावी लागते.

रोगाची वाढ अशी होते. वाऱ्याने आलेला बीजाणू पानावर पडतो. पान काही तास दवाने ओले राहिले म्हणजे तो रुजतो, त्याचा तंतू पानाच्या सूक्ष्म छिद्रातून आत शिरतो व पेशींतील अन्न शोषू लागतो. अनुकूल हवेत साधारण आठवडा-दीड आठवड्यात तेथे फोड उमटतो व त्यातून हजारो नवे बीजाणू बाहेर पडतात. हे चक्र एका हंगामात अनेक वेळा फिरते. यामुळेच जानेवारीत पाच-दहा झाडांवर दिसलेला रोग फेब्रुवारीअखेर सारे शिवार व्यापू शकतो. दाणे चिकात असताना अन्न बुरशीने खाल्ले, तर दाणा भरत नाही. तो सुरकुतलेला व पोचट राहतो. ओंब्या दिसतात, परंतु खळ्यावर रास होत नाही.

मेहतांपूर्वीचे ज्ञान

तांबेऱ्याने मध्य भारतात वारंवार हाहाकार केला आहे. एकोणिसाव्या शतकात नर्मदेच्या खोऱ्यात अधिकारी म्हणून राहिलेल्या विल्यम स्लीमन यांनी 1844 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, जबलपूरकडील गव्हावर पडलेल्या अशा रोगाचे वर्णन केले आहे.

युरोपात 1865 च्या सुमारास आन्तोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने एक आश्चर्यकारक गोष्ट सिद्ध केली. काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपले आयुष्य दोन वनस्पतींवर घालविते: एक गहू व दुसरी दारुहळदीच्या वर्गातील काटेरी झुडूप. गव्हावरील काळे बीजाणू हिवाळा काढतात, वसंतात रुजतात आणि त्यांपासून झालेले नाजूक बीजाणू झुडपाच्या पानास रोग देतात. झुडपावरून रोग पुन्हा गव्हावर येतो. या शोधाच्या आधारे अमेरिकेत 1918 पासून अशी झुडुपे उपटून टाकण्याची मोठी मोहीम चालली व तिचा चांगला उपयोग झाला.

साहजिकच भारतातही संशय दारुहळदीवर गेला, कारण हिमालयात ती झुडुपे विपुल आहेत. सिमल्याकडील झुडपांवर तांबेऱ्याचे डागही आढळले होते. पुढे 1906 साली एडविन बटलर व हेमन यांनी भारतातील गव्हाच्या तांबेऱ्यांवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. बटलर हे भारतातील बुरशीशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक होत. तथापि रोग दरवर्षी परत कोठून येतो, या प्रश्नाचा निकाल त्या प्रबंधानेही लागला नाही.

आग्र्याच्या उन्हातील प्रयोग

मेहता यांनी उच्च शिक्षण केंब्रिज येथे घेतले. तेथे त्यांनी निवडलेला विषय तृणधान्यांवरील तांबेऱ्याचा, आणि त्यातही त्याच्या वार्षिक पुनरागमनाचा होता. स्वदेशी परतल्यावर 1923 पासून त्यांनी आग्र्यास हाच प्रश्न हाती घेतला. आरंभीची कित्येक वर्षे अध्यापन सांभाळून, तुटपुंज्या साधनांवर हे काम चालले. त्यानंतर 1930 साली त्या वेळच्या केंद्रीय कृषि संशोधन परिषदेने या कामास अनुदान मंजूर केले. त्यामुळे आग्र्याबरोबर सिमला व अलमोडा येथेही प्रयोगशाळा चालविता आल्या.

मेहता यांची पद्धती सरळ होती. रोग मैदानातच उन्हाळा काढत असेल, तर तो चार मार्गांनी काढू शकेल: मळलेल्या काडात व जमिनीवर पडलेल्या बीजाणूंच्या रूपाने, काळ्या बीजाणूंच्या मार्गाने दारुहळदीवर, रानटी गवतांवर, किंवा बियाण्यातून. यांतील एकेका मार्गाची त्यांनी परीक्षा केली. आग्र्याच्या मे-जूनच्या उष्णतेत तांबूस बीजाणू मरून जातात व पेरणीच्या वेळेपर्यंत त्यांत रुजण्याची शक्ती उरत नाही, असे दिसून आले. काळे बीजाणूही मैदानातील उन्हाळ्यानंतर निकामी ठरले. हिमालयातील दारुहळदीवर जो तांबेरा दिसतो, त्याचा गव्हाच्या रोगाशी व्यवहारतः संबंध नाही. गव्हावरील रोगाच्या वार्षिक चक्रात भारतात त्या झुडपाला महत्त्वाचे स्थान नाही, असा निष्कर्ष निघाला. युरोप व अमेरिकेत जे खरे होते ते येथे लागू पडले नाही. अमेरिकेचे अनुकरण करून हिमालयातील झुडुपे तोडण्यावर पैसा खर्च केला असता, तर तो सारा वाया गेला असता. परदेशातील उपाय आपल्या हवामानात पारखल्याशिवाय स्वीकारू नये, हा धडा यातून मिळतो.

रोगाचे डोंगरातील घर

मैदानातील चारही वाटा बंद असल्याचे दिसल्यावर मेहता यांनी डोंगरांकडे दृष्टी वळविली. तेथे निराळे चित्र आढळले. डोंगरात हवा थंड असते. काढणीच्या वेळी सांडलेले दाणे पावसाळ्यात आपोआप उगवतात. कापलेल्या गव्हाच्या धसकटांना नवे फुटवे येतात. निरनिराळ्या उंचीवर पेरणी व कापणी निरनिराळ्या महिन्यांत होते. निलगिरी व पळणी या दक्षिणेकडील डोंगरांत तर वर्षातून एकाहून अधिक वेळा गहू घेतला जात असे. म्हणजे डोंगरात बाराही महिने कोठे ना कोठे हिरवा गहू असतोच, आणि त्यावर तांबेरा जिवंत राहतो. मैदानात शेते रिकामी असताना रोग या उंच मुलखात दिवस काढतो आणि नवीन पिके उगवली म्हणजे वाऱ्याबरोबर खाली उतरतो.

हा विचार मेहता यांनी 1929 साली भारतीय विज्ञान परिषदेच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात मांडला. पुढील दहा वर्षे त्यांनी पुरावा गोळा केला. ठिकठिकाणी चिकट पदार्थ लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून त्यांवर पडलेले बीजाणू मोजण्यात आले. कोणत्या गावी रोग प्रथम कोणत्या दिवशी दिसला, याच्या नोंदी देशभरातून मागविण्यात आल्या. त्या नोंदी वाऱ्यांच्या दिशांशी ताडून पाहण्यात आल्या. डोंगरांजवळच्या भागात रोग आधी दिसतो व दूरच्या मैदानात नंतर, ही गोष्ट त्यांतून स्पष्ट झाली. या कामाचा विस्तृत प्रबंध 1940 साली प्रसिद्ध झाला. दुसरा भाग 1952 साली बाहेर पडला. परंतु तो पाहण्यास मेहता हयात नव्हते. 1950 सालीच त्यांचे निधन झाले होते.

मेहता यांच्या मांडणीत पुढील संशोधकांनी दुरुस्तीही केली. काळ्या तांबेऱ्याचा पुरवठा हिमालय व दक्षिणेकडील डोंगर या दोन्हींकडून होत असावा, असे त्यांस वाटत होते. नंतरच्या अभ्यासात असे ठरले की, काळा तांबेरा मुख्यतः निलगिरी व पळणी डोंगरांतूनच येतो. पिवळा उत्तरेकडील डोंगरांतून उतरतो. आणि तपकिरी दोन्हीकडून येतो. दक्षिणेतून निघालेला रोग कर्नाटक व महाराष्ट्रातून मध्य भारताकडे सरकतो. 1970 च्या दशकात एस. नागराजन व त्यांचे सहकारी यांनी या प्रवासाचे नियम बसविले. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात उठणारी वादळे किनारा ओलांडतात, त्या वेळी निलगिरीवरील बीजाणू वरच्या हवेतून उत्तरेकडे वाहून येतात व पावसाच्या थेंबांबरोबर कोवळ्या गव्हावर पडतात, असे त्यांनी दाखविले. पावसाचे पाणी गोळा करून त्यात बीजाणू शोधण्याची पद्धतही या कामी उपयोगी पडली. मूळ विचार मात्र मेहता यांचाच राहिला.

सुचविलेला उपाय व त्यातील अडचण

रोगाचे घर सापडल्यावर मेहता यांनी उपायही सुचविला. निलगिरी व पळणी भागांत उन्हाळी हंगामातील गव्हाची लागवड थांबवावी, आणि डोंगरात आपोआप उगवलेली रोपे व फुटवे नव्या पेरणीपूर्वी काही महिने नष्ट करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. रोगाच्या साखळीतील एक दुवा तुटला, तर मैदानातील कोट्यवधी शेतकऱ्यांचे पीक वाचेल, हा त्यातील हिशेब होता.

हिशेब बिनचूक असला, तरी अंमलबजावणी सोपी नव्हती. डोंगरातील लहान शेतकऱ्याने आपले पीक सोडावे, ते कोणासाठी? जबलपूर वा नाशिककडील ज्या शेतकऱ्यास त्याने कधी पाहिले नाही, त्याच्यासाठी. त्याच्या घरी त्या गव्हाऐवजी काय शिजेल, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेजवळ नव्हते. दुर्गम उतारांवरील आपोआप उगवलेले प्रत्येक रोप उपटणे हेही माणसांच्या आवाक्यातील काम नव्हते. त्यामुळे ही योजना मेहता यांच्या कल्पनेप्रमाणे पूर्णत्वाने कधीच अमलात आली नाही. एकाने सोसावयाचे व दुसऱ्याने वाचावयाचे, अशा कोणत्याही कार्यक्रमात सोसणाऱ्याची सोय आधी पाहावी लागते, हे विस्तारकार्य करणाऱ्यांनी या प्रसंगावरून ध्यानात घ्यावे.

इतक्यात 1946-47 च्या रब्बी हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली. मध्य प्रांत, त्यास लागून असलेली संस्थाने व महाराष्ट्राचा गहू पिकविणारा भाग यांत उभी पिके हातची गेली. हे नुकसान सुमारे 20 लाख टन गव्हाचे झाल्याचा अंदाज सांगितला जातो. बंगालच्या दुष्काळास तेव्हा पुरती चार वर्षेही झाली नव्हती व शहरांतून शिधापत्रिकेवर धान्य मिळत होते. अशा वेळी तांबेऱ्याचा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहिला नाही. डोंगरातील उगम बंद करणे जमत नसेल, तर मैदानातील गहूच रोगास दाद न देणारा हवा, या विचाराला या साथीने जोर आला.

एकाच बुरशीचे अनेक वंश

परंतु रोगप्रतिकारक गहू निर्माण करणे वाटते तितके सुलभ नाही. एका गावी रोगास दाद न देणारा वाण दुसऱ्या गावी का बळी पडतो, याचे कारण अमेरिकेतील एल्विन स्टॅकमन यांनी दाखवून दिले होते. काळा तांबेरा डोळ्यांना एकच दिसला, तरी त्याचे अनेक वंश असतात. त्यांची ओळख पटविण्यासाठी स्टॅकमन यांनी गव्हाचे 12 कसोटीचे वाण ठरविले. रोगाचा नमुना या बारा वाणांच्या रोपांवर चढवावयाचा व कोणते रोप बळी पडते, कोणते टिकते, यावरून वंश ओळखावयाचा. मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या बारा वाणांत आपल्याकडील खपली गहूही होता व त्या जागतिक यादीत तो ‘खपली’ याच नावाने नोंदलेला आहे. खपलीची रोगप्रतिकारशक्ती पुढे संकराने इतर गव्हांत उतरविण्यात आली.

मेहता यांनी 1930 नंतर हीच पद्धती भारतात सुरू केली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून रोगट पानांचे नमुने येत व सिमल्याच्या थंड हवेत वर्षभर त्यांची परीक्षा चाले. कोणत्या प्रदेशात कोणते वंश प्रबळ आहेत, हे कळल्यावाचून वाण निर्माण करणारा संशोधक आंधळेपणानेच काम करणार, हे मेहता जाणून होते. सिमल्याजवळील फ्लॉवरडेल येथील केंद्रात हे काम आजही अखंड चालू आहे.

या माहितीच्या आधारे डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी दिल्लीच्या संशोधन संस्थेत तिन्ही तांबेऱ्यांस तोंड देणारे वाण तयार करण्याचे काम नेटाने केले, एन. पी. 809 हा त्यांतील नावाजलेला वाण होय. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या संशोधन केंद्रावर केनियातील प्रतिकारक गहू व निफाडचा गहू यांच्या संकरातून जे वाण निघाले, त्यांस ‘केनफाड’ असे नाव देण्यात आले. या एका शब्दात आफ्रिका व महाराष्ट्र यांची गाठ पडली आहे.

बुरशी स्थिर राहत नाही

येथे एक प्रश्न उभा राहतो. प्रतिकारक वाण एकदा मिळाल्यावर रोग कायमचा का संपत नाही? याचे कारण बुरशीदेखील बदलत असते. अमेरिकेतील हॅरॉल्ड फ्लॉर यांनी 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर प्रयोग करून असे दाखविले की, पिकातील प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकास तोडीस तोड असा जनुक बुरशीत असतो. पिकाचा जनुक म्हणजे कुलूप मानले, तर बुरशीतील बदल ही त्याची किल्ली होय. कोट्यवधी बीजाणूंपैकी एखाद्यात निसर्गतःच असा बदल होतो व त्याला ते कुलूप उघडता येते. भोवताली सर्वत्र तोच एक वाण पेरलेला असेल, तर त्या एका बीजाणूच्या संततीला मुक्तद्वार मिळते. इतर वंश मागे पडतात व नवा वंश माजतो.

याचा अनुभव भारताने घेतला आहे. 1967 साली प्रसारित झालेला ‘कल्याणसोना’ हा वाण उत्पन्नात श्रेष्ठ ठरला व अल्पावधीत उत्तर भारतात सर्वत्र पसरला. परंतु 1970 नंतरच्या काही वर्षांतच तपकिरी तांबेऱ्याचे नवे वंश त्यावर प्रबळ झाले व तो वाण मागे घ्यावा लागला. वाणात दोष होता असे म्हणता येत नाही. विस्तीर्ण मुलखात एकाच वाणाची पेरणी झाली, हे त्यामागचे कारण होते.

अशीच घटना 1998 साली आफ्रिकेतील युगांडात आढळली. तेथे काळ्या तांबेऱ्याचा जो वंश सापडला, त्याने जगभर वापरात असलेला एक प्रतिकार मोडला. त्यास ‘यूजी-99’ हे नाव मिळाले. नॉर्मन बोरलॉग यांनी 2005 साली त्याविषयी जगास सावध केले. या वंशाची घडण कशी झाली, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून उमगले. तांबेऱ्याच्या पेशीत दोन केंद्रके असतात. यूजी-99 मधील एक केंद्रक, आफ्रिकेच्या दक्षिण भागातून ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या एका जुन्या वंशातील केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणजे दारुहळदीसारख्या झुडपावाचूनही दोन वंशांचे तंतू गव्हाच्या पानात एकत्र येऊन केंद्रकांची देवाणघेवाण करू शकतात. झुडपावर समागम, स्वाभाविक बदल व अशी देवाणघेवाण, या तीन वाटांनी बुरशी नवे रूप धारण करते. म्हणून फ्लॉवरडेलसारख्या केंद्राचे काम कधी संपणारे नाही.

शेतकऱ्यांनी व ग्रामसेवकांनी काय करावे

मेहता यांच्या संशोधनापासून व्यवहारात उतरविण्याजोग्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

1. गावातील सर्व शेतकऱ्यांनी एकच वाण पेरू नये. कृषि विद्यापीठाने आपल्या विभागासाठी शिफारस केलेल्या प्रतिकारक वाणांपैकी दोन-तीन वाण गावात असावेत. जुना वाण चांगला उतरतो म्हणून वर्षानुवर्षे घरचेच बियाणे वापरण्याऐवजी, त्याची रोगप्रतिकारशक्ती अद्याप टिकून आहे की नाही याची चौकशी करावी.

2. पेरणी वेळेवर करावी. महाराष्ट्रात बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करणे हितावह आहे. उशिरा पेरलेल्या गव्हात दाणे भरण्याच्या सुमारास हवा उबदार होते व काळ्या तांबेऱ्यास नेमकी तीच हवा मानवते.

3. नत्रयुक्त खताची मात्रा शिफारशीपेक्षा अधिक देऊ नये. पीक माजल्यास ते दाट होते, पानांवरील दव लवकर सुकत नाही व बीजाणूंना रुजण्यास अवकाश मिळतो. पाणीही जरुरीपुरतेच द्यावे.

4. बांधावर, पाटाच्या कडेला किंवा दुसऱ्या पिकात आपोआप उगवलेला गहू दिसल्यास उपटून टाकावा. विशेषतः महाबळेश्वरसारख्या थंड व उंच भागांत याकडे अधिक लक्ष द्यावे.

5. डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा तरी पिकात फिरून खालची पाने व खोडे पाहावीत. फोडावर बोट फिरविले असता तांबूस भुकटी बोटास लागली, तर तो तांबेरा समजावा. भुकटी लागत नसेल, तर ते डाग अन्य कारणाचे असण्याचा संभव आहे.

6. रोग दिसताच कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्याने प्रोपिकोनॅझोल 25 टक्के प्रवाही हे औषध एक लिटर पाण्यास एक मिलिलिटर या प्रमाणात फवारावे. रोग शिवारभर पसरल्यावर केलेली फवारणी फारशी उपयोगी पडत नाही. फवारताना हातमोजे व तोंडास फडके वापरावे व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून फवारू नये.

7. ज्या वाणास पूर्वी तांबेरा येत नव्हता त्यावर तो दिसल्यास, त्याची विशेष नोंद घ्यावी. अशी काही रोगट पाने सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजतात. पाकिटावर गाव, तालुका, वाणाचे नाव, पेरणीची तारीख व रोग प्रथम दिसल्याची तारीख लिहून ते जवळच्या कृषि संशोधन केंद्राकडे पोहोचवावे. नव्या वंशाचा पहिला सुगावा अशाच एखाद्या पाकिटातून लागतो.

या शेवटच्या कामास लहान समजू नये. मेहता यांचे निष्कर्ष एकट्या प्रयोगशाळेत निघाले नाहीत. आपल्या भागात रोग कोणत्या दिवशी दिसला, हे कळविणाऱ्या देशभरातील लोकांच्या नोंदींवर ते उभे राहिले. ती तारीख चुकीची वा मोघम असती, तर रोगाच्या प्रवासाचा नकाशाही चुकीचा निघाला असता. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्याची वही आणि शास्त्रज्ञाचे सूक्ष्मदर्शक यंत्र ही एकाच कामाची दोन अंगे होत.

चर्चेसाठी प्रश्न

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांच्या सभेत पुढील प्रश्न विचारून चर्चा घडवून आणावी.

1. मैदानात उन्हाळ्यात तांबेरा का टिकत नाही? तो कोठे टिकतो?

2. अमेरिकेत उपयोगी पडलेला दारुहळदीचे झुडूप नष्ट करण्याचा उपाय भारतात का लागू पडला नाही?

3. डोंगरातील शेतकऱ्यास त्याचे पीक बंद करण्यास सांगावयाचे असेल, तर त्याच्यासाठी आधी कोणती सोय करावी लागेल?

4. आपल्या गावात या वर्षी गव्हाचे किती वाण पेरले गेले आहेत? त्यांपैकी सर्वांत जास्त क्षेत्र कोणत्या वाणाखाली आहे, आणि त्यावर तांबेरा आल्यास गावाचे किती नुकसान होईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सभेतच कागदावर मांडावे, म्हणजे पुढील हंगामाच्या बियाण्याचा विचार त्याच वेळी सुरू होईल.